भाऊंना दिलेले बारा अर्ज

बत्तीस वर्षं मी रायपूरच्या एका हिंदी शाळेत सामाजिक विज्ञान शिकवलं. त्यात 'स्थानीय स्वशासन' नावाचा धडा होता. वॉर्ड म्हणजे काय, पार्षद कोण निवडतो, त्याची कर्तव्यं कोणती, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहून द्यायची आणि कुणी चुकलं तर हातावर पट्टी द्यायची. ती पट्टी आता माझ्याच हातावर बसायला हवी. त्या धड्यातलं एक अक्षर मी माझ्या स्वतःच्या गल्लीत कधी वापरलं नाही.

आमची गल्ली जुन्या वस्तीतली. वीसेक घरं, त्यांतली निम्म्याहून जास्त मराठी. कुणाचे आजोबा रेल्वेत लागून विदर्भातून इकडे आले, कुणाचे वडील सरकारी कचेरीत. गल्लीच्या कडेनं उघडं गटार वाहतं, इथे त्याला नाली म्हणतात, आणि आमच्या नळाचा पाइप त्या नालीतून येतो. शेजारून नाही, वरून नाही, नालीतून. पाइप कुठे कुठे गंजला आहे हे बघायला खाली वाकावं लागत नाही, नाकानं कळतं. सकाळी नळ आला की पहिल्या दोन बादल्या झाडांना जातात. तिसरी आम्ही फडक्यानं गाळून पिण्याची म्हणतो. मुलीनं एकदा पाणी शुद्ध करायचं यंत्र पाठवलं होतं. ते दीड महिन्यात तुंबलं, आणि दुरुस्तीला आलेला माणूस आतली काळी पडलेली कांडी बाहेर काढून म्हणाला, "मैडम, ये पानी मशीन के बस का नहीं है." यंत्राच्या बस का नव्हतं, आमच्या होतं.

आमचे पार्षद, महाराष्ट्रात ज्याला नगरसेवक म्हणतात ते, म्हणजे भाऊ. भाऊ आपले. आपले म्हणजे मराठी. याहून जास्त लायकी आम्ही त्यांच्याकडे कधी मागितली नाही. गणपतीच्या आरतीला ते पहिल्या ओळीत, आमच्या मराठी मंडळाच्या स्टेजवर मधल्या खुर्चीत. गल्लीतल्या पोट्ट्यापोट्ट्यांची नावं त्यांना तोंडपाठ. कुणी गेलं तर खांदा द्यायला सर्वांच्या आधी हजर. मेलेल्या माणसांसाठी भाऊंकडे भरपूर वेळ होता.

ते घरी आले की मी रीतीप्रमाणे पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर जायची. भाऊ लगेच हात जोडायचे. "पाणी राहू द्या वहिनी. तुमच्या हातचा चहा पाजा. अद्रक टाकून, चांगला उकळून." मी फुलून जायची. नणंदेला फोनवर सांगायची, की शहरभर हिंडणारा माणूस, पण चहा म्हटला तर आमच्याच घरचा लागतो त्यांना. नणंद नागपूरला असते. तिचा नगरसेवक तिच्या घरी कधी पाय ठेवत नाही, म्हणून ती मनातून जळायची आणि मला बरं वाटायचं.

चहा झाला की मी अर्ज द्यायची. अर्ज मीच लिहायची. अक्षर वळणदार, विषय वर ठळक, खाली गल्लीतल्या सगळ्या मराठी घरांच्या सह्या. भाऊ तो अर्ज पूर्ण वाचायचे, मान हलवत, मधेच "अरेरे" म्हणत. मग चार घड्या घालून कुर्त्याच्या खिशात ठेवायचे आणि खिशावरून हात फिरवायचे. "तुमचं काम झालं समजा. मी बोलून राहिलो इंजिनिअरशी." पाच वर्षांत असे बारा अर्ज त्या खिशात गेले. कुर्ते तेवढे बदलत गेले.

एका संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवाला भाऊंच्या बायकोनं वाण म्हणून नळाला लावायच्या जाळ्या वाटल्या. पारदर्शक पाकीट, वर भाऊंचा हसरा फोटो. वाण नाकारायचं नसतं, म्हणून कुणी नाकारलं नाही. पण नुसतं तेवढंच नाही. आम्ही खूष झालो. "यंदा किती उपयोगाची वस्तू," असं मी स्वतः म्हणाले. ज्यानं पाइप बदलायचा तो जाळी देतो आहे, आणि आम्ही पदर पुढे करून ती घेतो आहोत, हे तिथल्या साठ बायकांपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. त्यांतल्या सात-आठ जणी माझ्यासारख्याच निवृत्त शिक्षिका होत्या.

मग आली दिवाळी, आणि मुलीला दिवस गेल्याचं कळलं. ती बंगळूरला नोकरी करते. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. माझं नागपूरला आईकडे झालं, आईचं तिच्या आईकडे. मी फोनवरच डिंकाचे लाडू, शेकशेगडी, तेल लावायला येणारी बाई, सगळं बोलून टाकलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मम्मी, पानी ठीक हुआ क्या?"

"होऊन जाईल. भाऊंना सांगितलं आहे."

"ये तो तुम तब से बोल रही हो जब मैं कॉलेज में थी."

तिनं सरळ अट घातली. पाणी साफ झालं तर सातव्या महिन्यात येईन, नाहीतर इथेच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की गरोदरपणात पाण्यातून कावीळ झाली तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. मला राग आला. माहेर म्हणजे काय हॉटेल आहे, अटी घालायला? रागारागानं फोन ठेवला आणि समोरच्या घराकडे नजर गेली. तिथली सून गेल्या उन्हाळ्यात काविळीनं तीन आठवडे दवाखान्यात होती. घरी आली तेव्हा तिचे डोळे हळदीसारखे होते, आणि मी तिला काय म्हणाले होते? "काळजी नको करू, भाऊंना सांगितलं आहे." राग गिळावा लागला.

बारावा अर्ज मी दिवाळीनंतर दिला. या वेळी कारणही लिहिलं, की माझी मुलगी बाळंतपणाला येणार आहे. भाऊ म्हणाले, "आपल्या पोट्टीसाठी नाही करणार तर कोणासाठी करणार वहिनी?" डोळ्यांत पाणी आणून म्हणाले. ते पाणी मात्र स्वच्छ होतं.

दोन महिने गेले. काही हललं नाही. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः झोन ऑफिसात गेले. खिडकीमागच्या बाबूनं वॉर्ड विचारला, मी नंबर सांगितला. त्यानं घरपट्टीची पावती मागितली, ती बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "मैडम, आपकी गली तो इस वार्ड में है ही नहीं. पिछले चुनाव के पहले ही बाजू वाले में चली गई थी."

मी त्याला समजावायला लागले. बत्तीस वर्षांची सवय. आमचे पार्षद अमुक आहेत, ते आमच्याच मंडळाचे आहेत, मी त्यांना बारा अर्ज दिले आहेत. त्यानं भिंतीवरचा नकाशा दाखवला. नालीच्या पलीकडे भाऊंचा वॉर्ड. नालीच्या अलीकडे आम्ही, दुसऱ्या वॉर्डात. पाच वर्षांपासून.

बाहेर येऊन मी ऑफिसच्या पायरीवर बसले. मागच्या निवडणुकीचा दिवस आठवला. शाळा तीच, खोली तीच. घरी आलेली चिठ्ठी मी वाचली नव्हती, नुसती पर्समध्ये टाकली होती. यंत्रावर मी फक्त भाऊंच्या पक्षाचं चिन्ह शोधलं, वर्षानुवर्षं तेच शोधत होते, आणि बटण दाबलं. चिन्हाशेजारी नाव असतं. ते वाचावं असं मला वाटलं नाही. सातवीच्या मुलांना मी सांगायची, मत सोच-समझकर दो. बाहेर भाऊ उभे होते, त्यांच्या वॉर्डाचं मतदानही त्याच शाळेत होतं. मी त्यांना बोटाची शाई दाखवली आणि म्हणाले, "भाऊ, तुम्हालाच." त्यांनी हात जोडले. माझं मत त्यांच्यापर्यंत पोचूच शकत नाही, हे आम्हा दोघांत एकट्या त्यांना माहीत होतं. आणि त्यांनी हात जोडले! माझं मत ज्याला गेलं तो कुणी तिसराच होता. तो पडला, एवढंच मला नंतर कळलं.

कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला मी विचारलं, तुला माहीत होतं का. तो छत्तीसगढी माणूस, तराजूतून नजर न काढता म्हणाला, "हव दीदी, हमको तो मालूम था. हम सोचे आप लोगों का उनसे घर का रिश्ता है, इसलिए बोलते होंगे." म्हणजे गल्लीतल्या बिगरमराठी घरांना माहीत होतं. अडाणी राहिलो ते आम्हीच, घरोघरी पदव्या फ्रेम करून लावलेले.

नवऱ्याला सांगितलं. ते रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झाले आहेत आणि तेव्हापासून कशानंही त्यांचं रक्त तापत नाही. "काहून डोकं लावून राहिली? वॉर्ड कोणताही असो, भाऊ आपलेच आहेत ना." मंडळात सांगितलं. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, काहीतरी गैरसमज असेल. दुसरी म्हणाली, माझ्या सासऱ्यांच्या तेराव्याला भाऊंनी किती केलं. तिसरीनं विषय बदलून हळदीकुंकवाच्या साडीचा रंग काढला. इतक्या गुळगुळीत माणसांत मी इतकी वर्षं राहिले आणि मला कधी किळस आली नाही, कारण मीही तेवढीच गुळगुळीत होते.

खरी पार्षद एक बाई होती. पंडरीच्या कपडा मार्केटात तिच्या नवऱ्याचं दुकान, आणि सगळीकडे ठरलेलं, की पार्षदकी नवराच करतो. मी गेले तेव्हा नवरा दुकानात होता. बाई अंगणात उन्हात बसून तिवड्याची, म्हणजे आपल्या लाखोळीची, पालेभाजी निवडत होती. मी मनात तिच्याकडेही तुच्छतेनंच बघत गेले होते. खुर्चीवर बसवलेली बाहुली, असं. तिनं पाट पुढे सरकवला, माझं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "दीदी, पाँच साल में आपकी गली से एक चिट्ठी हमारे पास नहीं आई. चुनाव में मैं खुद आई थी आपके दरवाज़े पर. आपने कहा था, हमारे भाऊ हैं."

मला आठवलं. दारातूनच परत पाठवली होती तिला. साखळीसुद्धा काढली नव्हती.

मी तिथेच, तिच्या अंगणात, तेरावा अर्ज लिहिला. तिनं हात पुसले आणि तो सावकाश, ओठ हलवत वाचला. एका ओळीवर बोट ठेवलं. मी घाईत नव्या वॉर्डाच्या जागी जुन्या वॉर्डाचा नंबर लिहिला होता. ती चूक तिनं दाखवली, मी सुधारली, मग तिनं सही केली. माझ्या अर्जातली चूक काढणारी ती पहिलीच. भाऊंनी बारा अर्ज मान हलवत वाचले होते, आणि बाराही अर्जांवर तोच चुकीचा नंबर होता.

चौथ्या दिवशी इंजिनिअर आला. नालीत काठी घालून बघितलं, नाक दाबलं, वहीत लिहिलं: पाइप बदलना आवश्यक. फाइल वर गेली. मी मुलीला फोन केला, तिचा आवाजही जरा निवळला. "टिकट देखूँ क्या?" मी म्हणाले, थांब थोडं. आणि आठवड्याभरात निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली, नवीन काम बंद. पाच वर्षं आम्ही चुकीच्या दारात चहा उकळत बसलो होतो, आणि बरोबर दार सापडलं तेव्हा त्याला कुलूप लागलं.

त्याच सुमारास दुसरी गोष्ट कळली. वॉर्डांची पुन्हा नवी आखणी झाली होती आणि आमची गल्ली परत भाऊंच्या वॉर्डात आली होती. भाऊ ही गल्ली का धरून बसले होते ते तेव्हा उमगलं. 'तुमचं काम माझ्याकडे नाही' हे एक वाक्य त्यांनी पाच वर्षांत उच्चारलं असतं तर आम्ही दुसऱ्या दारात गेलो असतो, आणि दुसऱ्याचे झालो असतो. ते वाक्य त्यांना महाग पडलं असतं. आमची कावीळ त्यांना महाग पडली नाही.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. पाच वर्षांत भाऊंनी पालिकेच्या सभेत किती प्रश्न विचारले, कोणते विचारले. उत्तर आलं, एक पानाचं. एक प्रश्न. एका चौकाला त्यांच्या वडिलांचं नाव देण्याबद्दल. पाण्याबद्दल काही नाही, ना आमच्या गल्लीच्या, ना त्यांच्या स्वतःच्या वॉर्डाच्या. म्हणजे ज्यांचे ते खरेच पार्षद होते त्यांच्यासाठीही ते नव्हते. हे वाचून मला वाईट वाटायला हवं होतं. मला समाधान वाटलं, खोटं कशाला बोलू. निदान आमच्यापुरतं वेगळं काही ठेवलं नव्हतं त्यांनी.

मतदानाला आठ दिवस राहिले होते. मुलीला सातवा लागत होता. सकाळी तिचा फोन आला, "मम्मी, आज हाँ या ना बोल दो. इसके बाद डॉक्टर ट्रेन में नहीं बैठने देंगे." मी म्हणाले, संध्याकाळपर्यंत सांगते. फाइल वर होती, निवडणूक झाली की काम होईल असं बाबू म्हणाला होता, आणि आईचं मन असं असतं, की बाबूच्या बोलण्यावरही विश्वास ठेवावासा वाटतो.

अकराच्या सुमारास भाऊ आले. गळ्यात झेंडूचा हार, मागे सहा कार्यकर्ते. नवऱ्यानं खुर्च्या ओढल्या. भाऊ बसले, हार काढून मांडीवर ठेवला. "पोट्टी कधी येऊन राहिली वहिनी? नातवाचं तोंड पाहाले मी पहिला येईन."

मी आत गेले. माहितीच्या अधिकाराचा तो कागद टेबलावर तयार ठेवला होता, तोच नेऊन समोर टाकायचा होता. पण हात सवयीनं ग्लासांकडे गेले. पाहुण्याला आधी पाणी. सात ग्लास भरले, ट्रे उचलला, बाहेर आले. एका कार्यकर्त्यानं हात पुढे केला तोच भाऊ झटकन म्हणाले, "अरे, पाणी राहू दे. वहिनींच्या हातचा चहा घेऊन पाहा, चांगला उकळून देतात."

त्या माणसाचा हात तिथल्या तिथे मागे गेला.

मी ट्रे धरून उभी राहिले. बारा अर्ज, बारा चहा, गणपती, दसरे, किती वेळा हा माणूस माझ्या घरी आला असेल. आणि एकदाही, एकदाही त्यानं माझ्या घरचं पाणी प्यायलं नव्हतं. उन्हाळ्यातसुद्धा. घाम पुसत यायचा आणि उकळलेला चहा मागायचा. पाणी कसं आहे ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि मी नागपूरला फोन करून माझ्या चहाची कीर्ती सांगत होते!

"भाऊ, चहा नाही," मी म्हणाले. "पाणीच आहे. घ्या."

"आत्ताच पिऊन आलो वहिनी."

"आमची गल्ली तुमच्या वॉर्डात नाही, हे तुम्हाला कधी कळलं?"

नवऱ्यानं माझ्याकडे डोळे वटारले. भाऊ हसले, जसे पाकिटावर हसले होते तसे. "वहिनी, रिश्ता काय वॉर्ड पाहून असते?"

"रिश्त्यातला माणूस पाणी पितो."

मी ट्रे त्यांच्या अगदी पुढ्यात धरला. ग्लासांच्या तळाशी नेहमीचा पिवळट गाळ बसत होता. सहाही जणांनी तो बघितला, मग भाऊंकडे बघितलं. भाऊंनी हार परत गळ्यात घातला, अजून चार घरं करायची आहेत म्हणाले, आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उठले. गेटपर्यंत त्यांनी हात जोडलेलेच होते.

ते गेल्यावर नवरा म्हणाला, "आपल्या माणसाचा असा अपमान करते का कोणी?" मी ट्रे टेबलावर ठेवला. सातही ग्लास भरलेले होते. मी मुलीला फोन लावला.

"ना," मी म्हणाले. "तू येऊ नको. मी येते तिकडे. मतदान करून निघते."